डोंगराला खांदा

भूमच्या गाडीअड्ड्यावर बंडप्पाला लोक तोंडापेक्षा खांद्यावरून ओळखत. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. मोकळ्या रानातून चालतानाही वाटायचं, हा माणूस उजव्या हाताच्या कुठल्याशा भिंतीला टेकत टेकत निघालाय.

ती भिंत म्हणजे बालाघाटाची दरड. वीस वर्षं बंडप्पा भूमहून बार्शीला भरली बैलगाडी हाकत होता. पठार संपलं की रस्ता खाली उतरतो. उतरताना उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला दरी, आणि रस्ताही दरीच्या अंगाला किंचित कललेला. भरली गाडी दरीकडं ओढ घेते. अशा वेळी गाडीवानानं आपलं अंग डोंगराकडं टाकायचं, बैलांशी बोलत राहायचं आणि दरीकडं बघायचं नाही. बंडप्पाचा बाप रेवणप्पा मरताना लेकाला जमीन देऊ शकला नाही, पण एवढी एक गोष्ट देऊन गेला. तो म्हणायचा, "दरीला पाठ, डोंगराला खांदा."

येताना गाडी रिकामी असायची. वाट बैलांना पाठ. बंडप्पा गाडीत आडवा होऊन झोपायचा. म्हणजे त्याच्या अंगाला वळण लागलं ते उतरणीचं. चढणीचं काही लागलं नाही. ही गोष्ट बारीक आहे, पण पुढं सगळं तिच्यावरच फिरलं.

वीस वर्षांत त्याची गाडी एकदाही उलटली नव्हती. भूममध्ये हे सांगायची गरज नसे.

गाडीत असायचा खवा. भूमच्या पठारावर पीक थोडं, पण म्हशी आणि कुरणं भरपूर. चार घरांत भट्ट्या होत्या. पहाटेचं दूध सूर्य कासराभर वर येईपर्यंत आटून घट्ट व्हायचं, आणि त्याचे गोळे ओल्या फडक्यात बांधून पाट्यांत भरले जायचे. त्यातली मोठी भट्टी सत्यभामाकाकूंची. साठी उलटलेली बाई, नवऱ्यामागं सात म्हशी सांभाळलेली. धुरानं डोळे कायम लाल, त्यामुळं त्या रागावल्यात की नाहीत हे शेवटपर्यंत कुणाला कळत नसे.

बार्शीत हा खवा गुरुसिद्धप्पा घ्यायचे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, भूम निजामाच्या. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. बार्शीहून दुपारची छोटी रेल्वे कुर्डुवाडीकडं जायची, आणि खवा त्या रेल्वेत चढला तरच त्याला मोल. बैलगाडी पोचायची दिवस मावळता. थंडीत चालून जाई. उन्हाळ्यात मात्र खवा वाटेतच आंबायचा. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या फाल्गुनात गुरुसिद्धप्पांनी निरोप धाडला: लगीनसराईचा खवा दुपारच्या रेल्वेला मिळत असेल तर द्या, नाहीतर मी दुसरीकडून घेईन.

बंडप्पानं तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी त्यानं आपली बैलजोडी विकली आणि पुण्याहून पलटणीची मोडीत काढलेली मोटारसायकल आणली. हिरवट रंगाची, बसकी, म्हशीसारखी जड. बार्शीतल्या एका मिस्त्रीनं त्याला चार दिवस सपाट मैदानावर शिकवलं. चालू कशी करायची, गिअर कसा टाकायचा, ब्रेक कुठला. वळायचं कसं हे त्यानं शिकवलं नाही, आणि बंडप्पानंही विचारलं नाही. वीस वर्षं घाट उतरलेल्या माणसानं मिस्त्रीला वळण विचारायचं म्हणजे काय!

बायको पार्वतम्मा रिकाम्या गोठ्याकडं पाहून दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "बैलं विकलीत, आता ही पाडू नका."

त्यानं पाडली. पहिल्याच आठवड्यात.

घाटात निम्म्यावर बोरखोरी नावाची जागा आहे. तिथं डोंगर आत दबलेला आहे, एखाद्यानं कुशीत कोपर मारावं तसा. रस्ता त्या दबलेल्या कुशीत शिरतो, ओढ्याच्या मोरीवरून डावीकडं गरकन वळतो आणि पलीकडच्या अंगाला बाहेर पडतो. वळणाच्या आतल्या बाजूला दरी, बाहेरच्या बाजूला काळी दरड. बंडप्पा त्या वळणात शिरला, आणि कासरा ओढूनही न ऐकणाऱ्या खोंडासारखी गाडी सरळ दरडीकडं गेली. तो मुरमात पडला. गुडघा फुटला, खवा वाचला.

आठ दिवसांनी तो पुन्हा तिथंच पडला. या वेळी पाट्या फुटल्या आणि चार घरांचं पहाटेचं दूध धुळीत गेलं. खालच्या नाक्यावरचा जमादार त्याचे कपडे पाहून म्हणाला, "क्या बंडप्पा, पहाड को इतना गले लगाते?" ते हसून घेण्यासारखं होतं, पण बंडप्पाला हसता आलं नाही. भूममध्ये लोकांनी बोरखोरीला नारळ फोडायला सांगितलं. कुणी म्हणालं, पलटणीची गाडी आहे, तिच्यावर कोण मेलं असंल काय ठावं.

सत्यभामाकाकूंनी त्याला भट्टीवर बोलावलं. कढईत उलथनं फिरवता फिरवताच बोलल्या.

"आजून एकदा पडलास तर भट्ट्या इजवायच्या आन् लोणी काढून इकायचं, असं चौघांचं ठरलंय. आखाजीपत्तुर वाट बघू."

"आन् म्या काय करायचं, काकू?"

"ते तू बघ. बैलं तू इकलीस."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, सव्वीस दिवसांवर.

दुसऱ्या दिवशी बंडप्पा पायी घाट उतरला. नारळ नेला नाही. मुरमात त्याच्या चाकांच्या दोन्ही वेळच्या खुणा अजून होत्या. तो उकिडवा बसला आणि एका एका वितीनं बघत गेला. दोन्ही खुणा मोरीच्या अलीकडं एकाच जागी वळणातून सुटल्या होत्या, आणि सुतानं आखल्यासारख्या सरळ दरडीला भिडल्या होत्या. एकीवर एक, अशा. येतानाच्या, म्हणजे चढणीच्या खुणा मात्र वळणाबरोबर छान वळलेल्या. येताना तो कधीच पडला नव्हता.

गाडी खोडीची असती तर दोन जागी पाडलं असतं, आणि चढतानाही पाडलं असतं. त्यानं तिथंच मनाशी धरलं: खोड गाडीत नाही, माझ्यात आहे. माणसाला हे कळायला कधी कधी जन्म जातो. बंडप्पाला एका सकाळीत कळलं, कारण त्याला चाकाच्या खुणा वाचता येत होत्या.

पण खोड नेमकी कुठं? आठवून आठवून त्याला एक गोष्ट आठवली. बंडप्पा लिंगायत. गळ्यात दोऱ्याला चांदीची लहान करडगी, तिच्यात इष्टलिंग, बंडीच्या आत छातीच्या मधोमध लोंबणारं. दोन्ही वेळा पडायच्या आधी क्षणभर ती करडगी छातीवरून सरकून उजव्या बरगडीला टोचली होती. खरचटलेला डाग अजून होता. चढताना असं कधी झालं नव्हतं.

करडगी का सरकते हे शोधायचं तर पडलं तरी चालेल अशी जागा हवी. ती आण्णासाहेबांच्या खळ्यावर मिळाली. आण्णासाहेब गावचे मोठे कास्तकार. ज्वारीची मळणी उरकली होती, खळं शेणानं सारवलेलं, टणक, गोल. मधोमध तिवडा, म्हणजे ज्याच्याभोवती बैल फिरतात तो खांब. बंडप्पानं विचारलं तेव्हा त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून होकार दिला. बैल जसे फिरतात तशीच गाडी फिरव, एवढंच म्हणाले. त्या खळ्यावर बैल देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे फिरत, तिवडा उजव्या हाताला ठेवून.

सकाळच्या उन्हात बंडप्पा गाडी तिवड्याभोवती फिरवू लागला. बांधावर माणसं जमली. कुणीतरी ओरडलं की बंडप्पानं कणसाबिगर मळणी घातली, आता वाऱ्याबिगर उफणणी करंल.

त्याला स्वतःलाच नवल वाटलं. गाडी लोण्यासारखी फिरत होती. उजवा खांदा तिवड्याकडं झुकलेला, गाडीही तिकडंच कललेली, आणि करडगी छातीच्या मधोमध, जागची हलत नव्हती. त्यानं वेग वाढवला. अंग आणखी आत घातलं तशी करडगी मधेच राहिली. मुद्दाम ताठ बसून बघितलं, तर करडगी तिवड्यापासून दूर, डाव्या बरगडीकडं सरकली आणि गाडी खळ्याच्या काठाकडं ओढू लागली. पुन्हा अंग आत टाकलं, करडगी मधे आली, गाडी रिंगणात आली.

तो थांबला. इंजिन बंद करून तिवड्याला टेकला. आता त्याला सगळं दिसत होतं. दोन चाकांची गाडी वळणाच्या आतल्या अंगाला कलली तरच वळते, आणि बसणाऱ्याचं अंगही तिच्याबरोबर कलायला हवं. बसणारा बाहेर कलला की ती बाहेर जाते. बैलगाडीचं असं नसतं. तिला दोन्ही अंगांना चाक असतं. तिच्यावर माणूस तोल राखायला कलतो. हिच्यावर वळायला कलायचं. खळ्यावर उजवीकडं वळताना वीस वर्षांची सवय त्याच्या उपयोगी पडली होती. बोरखोरीचं वळणही येताना उजवीकडंच होतं, म्हणून चढताना तो पडला नव्हता. उतरताना मात्र तेच वळण डावीकडं, आणि तिथं आत दरी होती. त्याचं अंग बापानं शिकवलेलं तेच करत होतं: दरीला पाठ, डोंगराला खांदा.

म्हणजे आता दरीला खांदा द्यायचा. डोकं हे चटकन मान्य करतं. अंगाला ते इतक्या लवकर पटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी उलट्या बाजूनं, तिवडा डावीकडं ठेवून फिरवायला घेतली. दोन फेऱ्या झाल्या नाहीत तोच आण्णासाहेब धोतराचा सोगा सावरत आले. हसू कुठल्या कुठं गेलेलं.

"बंडप्पा, खळ्यावर उलटी फेरी न्हाय घालायची. घरात आलेली लक्ष्मी माघारी जाती."

त्यानं विनवलं. बोरखोरीचं वळण कुठल्या हाताला आहे ते सांगितलं. आण्णासाहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या बापानंही त्यांना काही दिलेलं होतं, आणि ते त्यांना सोडता येत नव्हतं. ही गोष्ट बंडप्पापेक्षा जास्त कुणाला समजणार? तो वाद न घालता गाडी ढकलत घरी गेला. आखाजीला पंधरा दिवस उरले होते. दुसरीकडं सगळं रान नांगरट आणि ढेकळं.

हे ऐकून सत्यभामाकाकू आण्णासाहेबांकडं गेल्या आणि ओसरीवर बसून म्हणाल्या, की पूजा होऊन तिवडा उपटला की खळं कुठं राहतंय, ते मग रानच. आण्णासाहेबांना हे नाकारता येईना. ते म्हणाले, खरं आहे. पण करडईची मळणी राहिलीय, गडी लग्नांना गेलेत, ती झाल्याशिवाय तिवडा कसा काढू?

करडईच्या काट्यांत पाय घालायला मजूर नाखूश असतात. बंडप्पा दुसऱ्या दिवशी उजाडताच हजर झाला. पायांना गोणपाट गुंडाळून तो आण्णासाहेबांच्या बैलांमागं फिरू लागला. स्वतःची बैलं विकल्यावर त्यानं कुणाच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला नव्हता. तीन दिवस तो बैलांशीच काय ते बोलला. चौथ्या दिवशी रास भरली, आण्णासाहेबांनी तिवड्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खांब उपटून खांद्यावर घेतला. जाताना म्हणाले, "घे. आता रान हाय. काय उलटंसुलटं करायचं ते कर."

अकरा दिवस. बंडप्पा रोज खवा बैलगाडीवाल्या सोबत्याच्या हवाली करी आणि खळ्यावर येई. तो आंबलेला खवा बार्शीत काय भावानं जातो हे विचारण्याची सोय नव्हती. डाव्या फेरीत तो दिवसाला दहा वेळा काठाबाहेर जाई. अंग डावीकडं घालायचं म्हटलं की कंबर गोठे, हात हँडलवर लाकडासारखे होत, आणि नजर, जिथं जायचं नाही नेमक्या त्या काठाला जाऊन चिकटे. करडगी उजव्या बरगडीला टोचे. जणू आत बसलेला रेवणप्पा बोट टोचून म्हणत होता, पोरा, दरी हाय तिकडं.

नजरेचं औषध पार्वतम्मानं केलं. ती भाकरी घेऊन आली आणि बांधावर बसून घटकाभर बघत राहिली. नवऱ्याची मान कुठं वळते ते तिनं पाहिलं. मग उठून फेरीच्या आतल्या अंगाला, गाडी पुढं जिथं पोचायची त्या जागेजवळ, जाऊन उभी राहिली.

"काठाकडं बघू नका," ती म्हणाली. "माझ्याकडं बघत या."

त्यानं हनुवटी डाव्या खांद्यावर आणली आणि तिच्याकडं बघितलं. मान गेली तिकडं खांदा गेला, खांद्यामागं कंबर गेली, गुडघ्यांनी टाकी आवळली, हात सैल झाले. करडगी हळूहळू बरगडीवरून सरकत छातीच्या मधोमध आली आणि तिथं थांबली. गाडी गोल फिरली. पुन्हा फिरली. पार्वतम्मा फेरीबरोबर जागा बदलत राहिली. संध्याकाळपर्यंत सारवलेल्या जमिनीवर एकच बारीक रेघ उमटली होती, हंड्याच्या तोंडासारखी गोल.

उरलेल्या दिवसांत तो आणखी दोन गोष्टी शिकला. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात ब्रेक दाबला की कललेली गाडी ताठ होते आणि बाहेर जाते. आणि पाट्या बैलगाडीसारख्या उंच रचायच्या नाहीत. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, सखल आणि आवळून बांधायच्या, नाहीतर माणूस वळतो नि ओझं मागाहून वळतं.

आखाजीच्या सकाळी तो पाट्या बांधत असताना सत्यभामाकाकू नऊवारीचा काचा घट्ट मारून, डोक्यावरून पदर घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, चार घरांनी मला धाडलंय. तू वळलास का नशिबानं वाचलास, ते मागं बसल्याबिगर कळायचं न्हाय.

बंडप्पानं पाट्यांची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली. एका अंगाला सव्वीस दिवसांत कसंबसं पटवलं होतं. हे दुसरं अंग, साठ वर्षांचं, जन्मभर बैलगाडीत बसलेलं. आणि ते मागं असणार, दिसणारसुद्धा नाही.

"काकू, एक ऐकावं लागंल. वळणावर डोंगराकडं कलायचं न्हाय."

"मग काय दरीकडं कलू?"

"व्हय. माझ्या डाव्या खांद्यावरनं पुढं बघायचं. म्या जिकडं जाईन तिकडं माझ्यासंगं यायचं. माझ्या आधी न्हाय, मागनं बी न्हाय."

काकूंनी लाल डोळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "आन् दरीत गेलो तर?"

"तर खवा बी संगंच जाईल. म्हणून तर जायचं न्हाय."

काकू हसल्या की नाही ते कळलं नाही. पण बसल्या. दोन्ही पाय एका बाजूला टाकून नव्हे, गडीमाणसासारखं टांग टाकून. गल्लीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

पठारावर काकू लाकडाच्या ओंडक्यासारख्या बसल्या होत्या. उतार लागला. पहिल्या बारक्या वळणावर त्या डोंगराकडं झुकल्या आणि बंडप्पाला गाडी मागून कुणी ओढावी तसं झालं. दुसऱ्या वळणावर त्यानं डावा खांदा जरा लवकर आणि जरा सावकाश खाली नेला, त्यांना कळेल इतका. काकूंची हनुवटी त्याच्या खांद्याला लागली. त्या बघत होत्या. तिसऱ्या वळणावर मागचं ओझं नाहीसं झालं.

बोरखोरी आली. समोर काळी दरड, तिच्यावर दोन पांढरे ओरखडे, त्याचेच. मोरीच्या बऱ्याच अलीकडं त्यानं वेग उतरवला. दरडीनं बोलावलं, जसं नेहमी बोलवायची. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. मोरीच्या पलीकडं रस्ता जिथं बाहेर पडतो तिथं एक बोरीचं झुडूप होतं. त्यानं मान तिकडं वळवली आणि तिथं पार्वतम्मा उभी आहे असं धरलं. मग खांदा दरीला दिला.

डाव्या हाताला, गुडघ्याखाली, सगळी दरी उघडी पडली. खाली बार्शीकडचं रान उन्हात पिवळं पसरलेलं. वीस वर्षांत बंडप्पानं ते या जागेवरून कधी बघितलं नव्हतं. करडगी एकदा थरथरली, उजवीकडं निघाल्यासारखी झाली. त्यानं अंग आणखी दोन बोटं आत घातलं. मागून काकू तेवढ्याच दोन बोटं आल्या. करडगी छातीच्या मधोमध येऊन राहिली, आणि मोरी, दरड, ओढा, सगळं त्यांच्याभोवती एकदा फिरून मागं गेलं.

बोरीचं झुडूप जवळून सरकलं. रस्ता सरळ झाला. तरी बराच वेळ दोघं डावीकडं बघत होती.

नाक्यावर जमादारानं पहिल्यांदा बंडप्पाचे गुडघे बघितले, मग मागची म्हातारी बघितली, आणि बांबू वर केला. गुरुसिद्धप्पांनी खव्याचा गोळा अंगठ्यानं दाबला, वास घेतला आणि हमालाला हाक मारली. छोटी रेल्वे यायला अजून अर्धा तास होता. काकूंनी फलाटावर बसून भाकरी सोडली. अर्धी बंडप्पाला दिली.

"उद्यापासनं पाटीत दोन गोळे ज्यादा भरीन," त्या म्हणाल्या. "न्हेशील?"

"न्हेईन. सखल बांधा."

भट्ट्या विझल्या नाहीत. बंडप्पानं ती गाडी पुढं चौदा वर्षं चालवली. निजामाचं राज्य गेलं, नाका उठला, घाटात डांबर पडलं. त्याचा उजवा खांदा मरेपर्यंत दोन बोटं खालीच राहिला. वीस वर्षांचं वळण ते. पण म्हातारपणी तो एसटीनं बार्शीला जायचा तेव्हा खिडकीशी, डाव्या बाजूला, दरीच्या अंगाला बसायचा. बोरखोरीच्या अलीकडं बाकीचे प्रवासी डोळे मिटून डोंगराकडं सरकत. बंडप्पाची हनुवटी मात्र ड्रायव्हरनं चाक फिरवायच्या आधीच डाव्या खांद्यावर येई, आणि हात बंडीत, करडगीवर जाई. ती मधेच आहे ना, तेवढं बघायला.